द्ध आणि ध्द यांतला फरक दिसेल इतका पडदा

गुहागर तालुक्यात, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, समुद्राकडे उतरत गेलेल्या एका वाडीत राहून मी गेली अकरा वर्षे मराठी पुस्तकांची मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वीची प्रुफे, तपासते. प्रकाशक पुण्यामुंबईचे आहेत, मजकूर पीडीएफच्या रूपाने येतो आणि एरवी हे काम मी संगणकावर करते. मात्र मृग लागला की माडाची झावळी तारेवर पडायला वेळ लागत नाही. वीज कधी दोन तास, तर कधी दोन दिवस जाते, इन्व्हर्टर दिव्यापंख्यापुरता राखून ठेवावा लागतो, आणि मग पाऊस सरेपर्यंतचे बरेचसे वाचन फोनवरच होते. त्यामुळे यंदा जुना फोन बंद पडला, तेव्हा पडद्याचे रिझोल्यूशन अधिक महत्त्वाचे मानावे की बॅटरी, हा प्रश्न थेट माझ्या पोटापाण्याचा होता.

बॅटरीची धास्ती माझ्या मनात कधी बसली हे मला नेमके सांगता येते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे जो विध्वंस केला होता, त्याच्या मानाने आमची वाडी थोडक्यात बचावली. तरीही पुढचे काही दिवस वीज नव्हती, एका पुस्तकाचे शेवटचे दोन फर्मे (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे गट) माझ्याकडे अडकले होते आणि फोन दुसऱ्याच दिवशी दुपारी बंद पडला. तेव्हापासून फोन घ्यायचा तो मोठ्या बॅटरीचा, असे मी ठरवून टाकले होते. चिपळूणच्या दुकानात गेले तीही याच निश्चयाने, आणि तिथल्या मुलाने माझे म्हणणे ऐकून लगेच एक फोन पुढे केला. "काकू, हा घ्या. सहा हजारची बॅटरी आहे, दोन दिवस बघायला नको," असे तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात काही खोटे नव्हते.

तो फोन मी घेतला नाही. का घेतला नाही हे सांगायचे, तर थोडे गणित करावे लागेल.

साडेसहा इंचाच्या आसपासचे पडदे आज साधारणपणे तीन प्रतींत मिळतात. एचडी प्लस म्हणजे ७२० गुणिले १६०० ठिपके (पिक्सेल), फुल एचडी प्लस म्हणजे १०८० गुणिले २४००, आणि महागड्या फोनांवर क्वाड एचडी प्लस म्हणजे १४४० गुणिले ३२००. यांतल्या एकूण ठिपक्यांची संख्या अनुक्रमे साडेअकरा लाख, सुमारे २६ लाख आणि सुमारे ४६ लाख भरते. डोळ्यांच्या दृष्टीने एकूण संख्येपेक्षा एका इंचात किती ठिपके बसतात ते महत्त्वाचे असते; साडेसहा इंचाच्या पडद्यावर ती घनता पहिल्या प्रतीत सुमारे २७०, दुसऱ्या प्रतीत सुमारे ४०५ आणि तिसऱ्या प्रतीत सुमारे ५४० येते.

डोळ्याची बाजू अशी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तक्त्यावर ज्याला सहा-सहा दृष्टी म्हणतात, त्या दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे दिसू शकते. फोन डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरला, तर या हिशेबाने इंचाला सुमारे २२० ठिपके पुरतात. ३० सेंटिमीटरवर सुमारे २९० लागतात. आणि २५ सेंटिमीटरवर आणला, तर ३५० लागतात. २०१० साली आयफोन ४ बाजारात आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर इंचाला ३२६ ठिपके होते, आणि स्टीव्ह जॉब्ज यांनी दहा ते बारा इंचांवरून पाहताना ३०० च्या आसपास मानवी डोळ्याची मर्यादा येते असे सांगितले होते, त्यामागे हेच गणित होते. तरुण आणि निरोगी डोळ्यांना याहून थोडे अधिक दिसते, म्हणून ही रेघ काटेकोर नाही. पण अदमास घ्यायला ती चांगली आहे.

माझे वय ५२ आहे आणि वाचायला चष्मा लागतो. बातम्या, निरोप, पाककृती हे सगळे मी हात थोडा लांब धरून ४० सेंटिमीटरवरूनच वाचते, आणि तेवढ्यासाठी २७० ठिपक्यांचा पडदा मला पुरून उरतो. मुद्रित वाचताना मात्र शंका आली की फोन आपोआप जवळ येतो. शंका येण्याच्या जागा आपल्या लिपीत फार आहेत, आणि रोमन अक्षरांवरून ठरवलेले ठोकताळे देवनागरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मला इथे आवर्जून सांगायचे आहे.

रोमन लिपीतले अक्षर एका रेघेवर उभे असते. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. त्याच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली ऱ्हस्व किंवा दीर्घ उकार, आणि मधल्या भागात जोडाक्षर. 'मूर्तींच्या' या शब्दात एकाच त वर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार एवढे तिघे दाटीवाटीने बसलेले असतात. 'उद्ध्वस्त' या शब्दात द, ध आणि व एका गाठीत बांधलेले असतात, आणि त्यातला द गळून 'उध्वस्त' छापले जाणे ही माझ्या कामातली नेहमीची चूक आहे. 'शुद्ध'च्या जागी 'शुध्द' पडणे ही दुसरी. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांत तर एका वळणाचा फरक असतो आणि अर्थ मात्र पूर्ण बदलतो.

आता हे फोनच्या पडद्यावर किती जागेत बसते ते पाहा. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साडेपाच इंच रुंद असते आणि साडेसहा इंची फोनचा पडदा आडवा जेमतेम पावणेतीन इंच भरतो. पूर्ण पान पडद्यावर मावेल असे ठेवले, तर १२ पॉइंटचा मजकूर सहा पॉइंटच्याही किंचित खाली उतरतो. एचडी प्लस पडद्यावर त्या एका ओळीच्या उंचीला सुमारे २२ ठिपके मिळतात. फुल एचडी प्लसवर ३३ आणि क्वाड एचडी प्लसवर ४४. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांचा वाटा काढून ठेवला, तर २२ पैकी मूळ अक्षराच्या वाट्याला निम्मेच राहतात, आणि त्या दहा-अकरा ठिपक्यांत 'द्ध्व' ही गाठ उलगडून दाखवायची असते. ती उलगडत नाही. डोळ्यांसमोर एक करडा डाग राहतो, आणि वाचणारा तो शब्द ओळखीने पुढे ढकलतो, म्हणजे नेमके तेच करतो जे मुद्रित वाचणाऱ्याने कधीही करू नये. पान मोठे करून पाहता येते हे खरे आहे. परंतु अडीचशे पानांच्या पुस्तकात प्रत्येक ओळ मोठी करून डावी-उजवीकडे सरकवत वाचले, तर वाक्याचा अन्वय हातून निसटतो आणि वेळ दुप्पट लागतो.

दुकानात मी हेच करून पाहिले. माझ्याजवळच्या एका पुस्तकाचे एक पान तिन्ही प्रतींच्या फोनांवर उघडून घेतले, ब्राइटनेस सारखा केला आणि तिन्ही फोन काउंटरवर शेजारी ठेवून वाचले. एचडी प्लसवर 'उद्ध्वस्त' मला वाचता आला नाही. तो तिथे आहे हे ठाऊक होते म्हणून ओळखता आला. फुल एचडी प्लसवर द स्वच्छ दिसला. क्वाड एचडी प्लसवर तो आणखी रेखीव होता, पण मी फोन नाकाजवळ नेला तेव्हाच हा रेखीवपणा जाणवला. नेहमीच्या अंतरावर मला दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यात फरक करता आला नाही.

पडद्याच्या जातीचीही एक गोष्ट इथेच नोंदवते, कारण जाहिरातीच्या कागदावर ती दिसत नाही. एलसीडी पडद्यात, म्हणजे मागे दिवा असलेल्या पडद्यात, प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन उपठिपके असतात. ठिपके स्वतःच पेटणाऱ्या, फोनांवरच्या बहुतेक ओएलईडी पडद्यांत हिरवे उपठिपके पूर्ण असतात, पण तांबडे आणि निळे निम्मेच असतात. दोन शेजारी ठिपके ते वाटून घेतात. म्हणून सारख्याच आकड्याच्या दोन पडद्यांत ओएलईडीवरच्या बारीक अक्षरांच्या कडा किंचित भुरभुरीत दिसू शकतात. ४०० च्या वर ही उणीव डोळ्यांना लागत नाही. २७० वर ती लागते, आणि म्हणून एचडी प्लस ओएलईडी पडद्याचा फोन बारीक देवनागरी वाचणाऱ्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हे झाले डोळ्यांचे. आता या वाढीव ठिपक्यांची बॅटरीला काय किंमत पडते ते पाहू. ठिपके सव्वादोन पट झाले म्हणून बॅटरी सव्वादोन पट खर्च होते असे नाही, आणि माझी स्वतःची चुकीची समजूत अनेक वर्षे तशीच होती. खर्च मुख्यतः दोन जागी वाढतो. एलसीडी पडद्यात प्रत्येक ठिपक्याची स्वतःची बारीक तारजोडणी असते आणि ती मागच्या दिव्याचा थोडा उजेड अडवते. ठिपके दाट झाले की उजेड जाण्याची वाट अरुंद होते आणि तेवढाच उजेड मिळवायला मागचा दिवा अधिक प्रखर करावा लागतो. दुसरी जागा म्हणजे चित्र तयार करणारा ग्राफिक्स प्रोसेसर. फुल एचडी प्लस पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, तर सुमारे साडेपंधरा कोटी ठिपके रंगवावे लागतात; क्वाड एचडी प्लस पडदा सेकंदाला १२० वेळा रंगवायचा, तर ५५ कोटी. खेळ खेळणाऱ्यांना हा फरक हाताला गरम लागतो आणि बॅटरीत ठळक दिसतो.

परंतु पीडीएफचे पान उघडून तुम्ही दोन मिनिटे वाचत बसता, तेव्हा चित्र बदलत नाही. जे बदलत नाही ते प्रोसेसर पुन्हा रंगवत नाही. तयार चित्रच पडद्यावर दाखवले जाते, त्याचा अल्प खर्च तेवढा होत राहतो. म्हणजे ज्याला बारीक अक्षरांसाठी दाट ठिपके खरोखर लागतात, त्या वाचकाला त्यांची बॅटरीतली किंमत सर्वांत कमी पडते. हे कळल्यावर माझा निम्मा प्रश्न सुटला.

वरच्या टोकाला जाऊ नये, याचे दाखले मात्र कंपन्यांनीच घालून दिलेले आहेत. सोनीने २०१५ साली एक्सपीरिया झेड ५ प्रीमियम या साडेपाच इंची फोनवर चक्क फोर-के पडदा दिला, इंचाला ८०६ ठिपके. पण तो फोन एरवी फुल एचडीतच चाले आणि छायाचित्रे व व्हिडिओ अशा मोजक्याच ठिकाणी पूर्ण रिझोल्यूशन वापरी. सॅमसंगने २०१७ साली गॅलेक्सी एस ८ ला क्वाड एचडी प्लस पडदा दिला आणि फोन पेटीतून बाहेर निघे तो फुल एचडी प्लसवर लावलेला. ज्यांच्याकडे असा फोन आहे, त्यांनी सेटिंगमध्ये रिझोल्यूशन उतरवून मोठी बचत होईल अशी आशाही धरू नये; त्यामुळे प्रोसेसरचे काम हलके होते, पण पडद्यावरचे खरे ठिपके होते तेवढेच पेटलेले राहतात. व्हिडिओसाठी तर आमच्या वाडीत हा विचारच करायला नको, कारण इथल्या नेटवर्कवर चित्र मुळात ३६० किंवा ४८० रेघांचेच येते.

बॅटरी खाणाऱ्या खऱ्या गोष्टी दुसऱ्याच आहेत, आणि त्यांतली पहिली उजेड. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळ्या जागेला जवळजवळ काहीच लागत नाही आणि पांढऱ्याला सर्वाधिक लागते. पुस्तकाचे पान म्हणजे बहुतांश पांढरी जागा, म्हणून ओएलईडीची जी काटकसर नेहमी सांगितली जाते ती माझ्या कामात मिळत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली याची मोजणी प्रसिद्ध केली होती: ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने (काळ्यावर पांढरी अक्षरे) सरासरी तीन ते नऊ टक्केच वीज वाचते, आणि ब्राइटनेस पूर्ण असताना मात्र ३९ ते ४७ टक्के वाचते. यातून मी घेतलेला धडा असा की, घरात रंग उलटे करण्याच्या खटपटीपेक्षा ब्राइटनेसची पट्टी खाली ओढणे सोपे आहे. पावसाळ्यात ओटीवर उजेड मऊ असतो आणि तिथे ३५ टक्के ब्राइटनेसवर मी तासन्‌तास वाचू शकते. तेच वाचन खळ्यात उन्हाकडे तोंड करून केले, तर फोन स्वतःच पडदा शंभरावर नेतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

दुसरी गोष्ट नेटवर्क, आणि कोकणातल्या माणसाला ती सर्वांत आधी सांगायला हवी. आमचा टॉवर सड्यावर आहे आणि वाडी खाली, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाने खोलगट जागेत. टॉवर दुबळा दिसू लागला की फोन स्वतःचा आवाज वाढवतो, म्हणजे अधिक ताकदीने लहरी पाठवतो, आणि मधूनमधून संपर्क तुटला की पुन्हा पुन्हा शोध घेत राहतो. फाईव्ह-जी फोन या शोधात फाईव्ह-जी आणि फोर-जी यांच्यामध्ये हेलपाटे घालतो. मी आठ रात्री एक साधी नोंद ठेवली: चार रात्री फोन नुसता उशाशी ठेवला आणि चार रात्री एअरप्लेन मोडवर टाकला. पडदा पूर्ण वेळ बंदच होता. पहिल्या चार रात्रींत बॅटरी दहा-बारा टक्क्यांनी उतरे, दुसऱ्या चारांत दोन-तीन टक्क्यांनी. हा आकडा आमच्या वाडीपुरता आणि माझ्या फोनपुरता आहे. पण पडद्याच्या ठिपक्यांवरून वाद घालण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरात एवढे करून पाहावे अशी माझी विनंती आहे. आता मी नेटवर्क फोर-जीवरच बांधून ठेवले आहे, आणि फर्मा उतरवून घेतला की वाचन संपेपर्यंत एअरप्लेन मोड.

शेवटी मी फुल एचडी प्लस पडद्याचा, ५००० एमएएच बॅटरीचा फोन घेतला. बॅटरीचा आकडा व्होल्टेजने गुणून वॉट-अवरमध्ये, म्हणजे साठवलेल्या विजेच्या मापात, पाहिला, तर तुलना सोपी होते: ५००० म्हणजे सुमारे १९ वॉट-अवर आणि ६००० म्हणजे सुमारे २३. चार वॉट-अवर मी सोडले, हे मी हलक्यात घेत नाही. पण वीज बाहेरून आणता येते आणि ठिपके आणता येत नाहीत, हा विचार निर्णायक ठरला. त्याच दिवशी १०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. तिच्यावर लिहिलेला आकडा आतल्या सेलचा असतो, म्हणजे सुमारे ३७ वॉट-अवर. व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत त्यातला बराच भाग जातो, आणि माझा फोन तिच्यावर दोनदा नव्हे, दीड वेळा भरतो. मोठे वादळ येणार असे कळले की दोन्ही भरून ठेवायचे, हा आता घरातला नियम झाला आहे.

बॅटरी पहिल्या दिवशीच्या आकड्यावरून निवडू नये, हेही मी या वेळी शिकले. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते आणि उष्णतेने अधिक झिजते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनविक्रीला अशी अट घातली आहे की, ८०० वेळा पूर्ण भरल्या-उतरल्यानंतरही बॅटरीत मूळच्या किमान ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे. म्हणजे चांगली बॅटरीदेखील दोन-तीन वर्षांनी ५००० ची ४००० होऊ शकते असे धरूनच चालावे, आणि मे महिन्यात फोन पत्र्याच्या पडवीत चार्जिंगला लावून ठेवू नये.

माझ्या धाकट्या दिरांची कलमांची बाग सड्यावर आहे. नवा फोन पाहून त्यांनी विचारले, "वहिनी, मीही हाच घेऊ का?" मी त्यांना नको म्हटले. ते दिवसभर उन्हात असतात, फवारणीच्या मजुरांना फोन करतात, मोहोरावरच्या तुडतुड्यांचे फोटो काढतात, वाशीच्या बाजारातला भाव पाहतात. बारीक अक्षरे त्यांच्या वाट्याला येतात ती सातबारा उघडला की, आणि तो ते माझ्याकडेच आणतात. सड्यावर नेटवर्क चांगले आहे, म्हणून माझी दुसरी अडचण त्यांना नाही. त्यांच्यासाठी भर उन्हात दिसणारा पडदा आणि तो उजेड दिवसभर पुरवणारी बॅटरी या दोनच गोष्टी पाहायच्या आहेत. भडक उजेडाचे पडदे बहुधा फुल एचडी प्लसच असतात, त्यामुळे रिझोल्यूशन वेगळे मागावे लागणार नाही. हल्ली सिलिकॉन-कार्बन जातीच्या बॅटऱ्या आल्याने फोन फारसा जाड न होता ६००० आणि त्याहून मोठे आकडे मिळू लागले आहेत, ते त्यांनी जरूर पाहावेत. दिवाळीनंतर, मोहोर धरायच्या आधी ते चिपळूणला जाणार आहेत. फोन दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका, दुपारी बारा वाजता जा आणि बाहेर रस्त्यावर, उन्हात उभे राहून पडदा वाचता येतो का ते पाहा, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे.